हात वर झाला की गल्ली गप्प

भालकीत आमचं गॅरेज जिथे आहे, त्या जागेला गल्ली म्हणायचं ते फक्त सवयीने. पत्र्याच्या शेडांची एक रांग, समोर कच्चा रस्ता, आणि कारखान्याकडे ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॉल्यांनी उडवलेली तांबूस धूळ. आमच्या डाव्या हाताला डेंटर, म्हणजे गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करणारा. उजव्या हाताला पंक्चरवाला. समोर चहाचा गाडा चालवणारी अक्का. इंजिनचं काम माझा नवरा करतो आणि पुढच्या काउंटरवर सुटे भाग मी विकते. नवऱ्याला सगळी गल्ली मिस्त्री म्हणते, म्हणून मीही इथे तेच म्हणणार. घरात मी त्यांना ‘अहो’ म्हणते, पण ‘अहो’ असं लिहीत सगळी हकीकत सांगता यायची नाही.

गल्लीची एक रीत होती. इंजिनचं काम संपलं की मिस्त्री गाडी चालू करायचे, रबरी नळीचा एक हातभर तुकडा घ्यायचे, एक टोक कानाला लावायचे आणि दुसरं टोक इंजिनवरून फिरवायचे. कुठल्या नळीतून हवा निसटत असेल तर तिथे बारीक सूं आवाज येतो. त्याआधी ते उजवा हात वर करायचे. हात वर झाला की अक्का तिकडून ओरडायची, “ए, हात!” मग पत्र्याच्या भिंतीपलीकडे डेंटरचा ग्राइंडर बंद व्हायचा, पंक्चरवाला हवेच्या मशीनचा खटका पाडायचा, अक्का स्टोव्ह बारीक करायची. चहा पिणारी परकी माणसंही आपोआप बोलायची थांबायची. हात खाली आला की सगळं पुन्हा सुरू. हे कुणी ठरवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. मला लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा हसू आलं होतं. म्हटलं, हा माणूस आहे की वाहतूक पोलीस! पण पुढे पुढे त्या शांततेचा मला गर्व वाटायला लागला. आपल्या नवऱ्याच्या एका हाताने अख्खी गल्ली गप्प होते, हे कुठल्या बाईला आवडणार नाही?

कान जातोय हे मला आधी घरात कळलं. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आणि हे शेजारीच बसून विचारायचे, “अजून शिट्टी कामून झाली न्हाई गं?” जाड आवाज ऐकू यायचे. ट्रॉलीचा धडधडाट, माझं भांडण, दारावरची थाप. बारीक आणि तीक्ष्ण तेवढं गळून जायचं. मी बोलले की म्हणायचे, “तुझाच आवाज बारीक झालाय. जरा तोंड उघडून बोल.” आता माझा आवाज बारीक झालाय असं आजवर कुणी म्हणालेलं नाही. माझ्या माहेरी, मंठाळला, मी अंगणातून बोलले की शेतातले लोक मान वळवतात.

मग एका पौर्णिमेला विहारात वंदना चालू होती. आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, एका जागी थांबतो. मिस्त्रींचा आवाज चांगला आहे, मोठा आहे, म्हणून लोक त्यांना पुढे बसवतात. त्या दिवशी सगळे थांबले आणि ते एकटेच पुढे म्हणत राहिले, डोळे मिटून, हात जोडून, अगदी मनापासून. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी खाली मान घातली. मी परत येताना म्हटलं, “आपण कलबुर्गीला जाऊन कान दाखवून येऊ.” ते रस्त्यातच थांबले. “मी बहिरा झालाव का? इंजिन मला ऐकू येतंय. बाकीचं ऐकून काय करायचंय?” त्यांच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. तरी मी लागलेच. आठवडाभर आमच्या घरात फक्त भांड्यांचे आवाज होते.

अशात ती गाडी आली. मिस्त्रींचे एक शाळासोबती आहेत, ऊस पिकवणारे, गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. लहानपणी दोघं एकाच बाकावर बसले, आणि आमचं घर कुठलं, त्यांचं कुठलं, हे ज्या काळात लोक पाण्याच्या तांब्यावरून मोजायचे त्या काळात अण्णा आमच्या सासूबाईंच्या हातची भाकरी खाऊन जायचे. अण्णांना गाड्यांचं वेड. त्यांनी हैदराबादहून एक जुनी परदेशी गाडी उचलून आणली. लांबलचक, काळी, आत बसलं की सोफ्यात रुतल्यासारखं वाटणारी. आणि तिच्या इंजिनवर सुपरचार्जर होता. आमच्या गल्लीत असली गाडी पहिलीच. दोन दिवस काम सोडून सगळे तिचं बॉनेट उघडून बघत होते.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंखाच, हवा दाबून इंजिनमध्ये ढकलतो. मिस्त्रींनी मला काउंटरवर बसल्या बसल्या समजावून सांगितलं, कारण नळ्या मलाच आणायच्या होत्या. साधं इंजिन नुसतं हवा ओढतं. त्या ओढीवर पुष्कळ कामं चालतात. ब्रेकच्या पायाला जोर तीच ओढ देते. इंजिनच्या पोटात तेलाची जी वाफ साचते तीही तिनेच शोषून घेतली जाते. पण सुपरचार्जरच्या इंजिनचा स्वभाव दुहेरी. गाडी उभी असली की ओढतं, आणि जोरात पळवली की त्याच नळ्यांतून उलटा दाब येतो. म्हणून प्रत्येक वाटेवर एकाच बाजूने हवा जाऊ देणारा वाल, म्हणजे झडप, लागतो. तो उलटा बसला किंवा गळाला, तर दाब इंजिनच्या पोटात शिरून तेल बाहेर फेकतो. “माणसासारखंच हाय की,” मी म्हटलं. “घरी बसलं की गोड, बाहेर पळायला लागलं की उलटं.” ते हसले. त्या दिवसांत ते एवढंच हसले असतील.

असले वाल मी विकण्याआधी तोंडाने फुंकून बघते. एका बाजूने फुंकर जाते, दुसऱ्या बाजूने अडते. दोन्हीकडून गेली तर तो वाल कचऱ्यात. गिऱ्हाईक म्हणतं, वैनी, उष्टा वाल देताव का? म्हणेनात का.

हैदराबादच्या कुठल्यातरी कारागिराने त्या गाडीचं वाटोळं केलं होतं. वाफेची नळी त्याने सरळ काढून गाडीखाली मोकळी सोडली होती, आमच्याकडे जुन्या जीपांना आणि ट्रॅक्टरांना सोडतात तशी. तिच्यातून थेंब थेंब तेल रस्त्यावर पडायचं आणि आत वास यायचा. मिस्त्रींनी सगळं पुन्हा मांडलं. एक नळी वालातून इंजिनच्या ओढीकडे, दुसरी सुपरचार्जरच्या आधी, हवेच्या जाळीपाशी. म्हणजे उभ्या गाडीत वाफ एका वाटेने जाईल आणि पळत्या गाडीत दुसऱ्या. बारीक नळ्या सगळ्या बदलायच्या ठरल्या. ब्रेकची जाड नळी वरून धड दिसत होती आणि तसलं वळण असलेली नवी कुठे मिळत नव्हती, म्हणून तीच ठेवली. इंजिनच्या मागे ती कोपऱ्यातून वळून खाली जायची.

शेवटच्या दिवशी नळ्या आवळायच्या काही पकडी कमी पडल्या, त्या आणायला मी सकाळच्या बसने बीदरला गेले. परत आले तेव्हा गाडी गेलेली होती. इथल्याच एका दुकानात जुन्या नळ्यांच्या पकडी मिळाल्या होत्या, त्या लावून मिस्त्रींनी काम पुरं केलं होतं. ते बाकड्यावर बसून चहा पीत होते आणि चेहरा असा की लग्नातला नवरदेव. “तू पायजे होतीस,” ते म्हणाले. “हात वर केला बघ, एवढी गल्ली गप्प झाली का, चिमणीसुद्धा बोलली न्हाई. कायच आवाज न्हाई. एकदम घट्ट बसलंय.” कारखान्यापर्यंत एक फेरी मारून त्यांनी ब्रेकही बघितला होता. परत आल्यावर अण्णा लगेच आपल्या पाहुण्यांकडे बसवकल्याणला निघाले होते.

दिवेलागणीला फोन आला. बसवकल्याणच्या अलीकडे उतारावर अण्णांनी ब्रेक दाबला तर पाय जणू दगडावर पडला. कसाबसा वेग कमी झाला, पण पुढे उसाची ट्रॉली होती. गाडीचं तोंड ट्रॉलीखाली गेलं आणि अण्णांच्या उजव्या मनगटाचा सांधा मोडला. जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढवून गाडी आमच्याकडेच आली. मिस्त्रींनी कुणाला हात लावू दिला नाही. वाकून, हात मागे घालून, बोटांनी चाचपत ते त्या जाड नळीपर्यंत पोचले. वळणाच्या खालच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नाही, तिथे ती चिरली होती. आधी बारीक असेल, गरम होऊन अजून उघडली. ब्रेकची सगळी ओढ तिथून निघून जात होती. त्यांनी नळी काढून माझ्यासमोर काउंटरवर ठेवली आणि आत जाऊन बसले. मी ती बघत राहिले. एवढीशी चीर. मला तिचा राग आला, नळीचा राग येतो का कुणाला, पण मला आला. मी ती उचलून रस्त्यात फेकली आणि मग जाऊन परत आणली.

चहाला गेले तर अक्का डोळे पुसत होती. म्हणाली, “आवाज होता की गं. सूं सूं, सूं सूं. मला इथपर्यंत ऐकू येत होता.”

“मग बोलला कामून न्हाई?”

“तेनीच ऐकायले होते ना. तेनी ‘बरोबर हाय’ म्हणल्यावर आमी काय बोलावं? मला वाटलं, त्या नव्या पंख्याचा असेल.”

मी पंक्चरवाल्याकडे गेले. त्यानेही ऐकला होता. त्यालाही वाटलं होतं की असल्या इंजिनचा आवाज असाच असेल. डेंटरला तर भिंतीपलीकडून ऐकू आला होता. म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी सगळ्यांनी आपापलं काम बंद केलं, श्वास धरून उभे राहिले, आणि त्या शांततेत तो आवाज गल्लीतल्या प्रत्येकाला ऐकू आला. न आला तो फक्त त्यांना. आणि त्यांच्यावरच्या विश्वासापायी एकानेही तोंड उघडलं नाही. मी तिथे रस्त्यात उभी राहून सगळ्यांना वाट्टेल ते बोलले. बोलायला नको होतं असं मला वाटत नाही.

घरी मिस्त्रींनी मला एकच विचारलं. “आवाज होता का?”

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण हा माणूस उद्या दुसऱ्या कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडणार होता. मी म्हटलं, “होता. सगळ्यांला ऐकू आला.” त्यांनी मान हलवली, जेवण केलं, ताट स्वतः उचलून ठेवलं. मग म्हणाले, “कलबुर्गीला कधी जायचं?” मला त्या प्रश्नाने रडू कोसळलं, कारण इतके दिवस मी भांडून जे मागत होते ते असं मिळालं.

कलबुर्गीच्या डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षं पत्र्याचे आणि मशीनचे आवाज ऐकून कानाच्या आतलं नाजूक जे असतं ते झिजलंय. बारीक आवाज आधी जातात, जाड नंतर. गेलेलं परत येत नाही. कानात घालायचं यंत्र मिळालं. घरात ते चाललं. गॅरेजमध्ये घातलं की ग्राइंडर डोक्यात घुसल्यासारखा व्हायचा आणि इंजिनवर वाकलं की यंत्र स्वतःच शिट्टी मारायचं. मिस्त्री वैतागून ते काढून माझ्या गल्ल्यात टाकायचे. मी पुन्हा द्यायची, ते पुन्हा टाकायचे.

कामाची पद्धत मात्र त्यांनी बदलली, आणि ती कान फुटलेल्या माणसाची पद्धत आहे असं स्वतःच म्हणायचे. प्रत्येक नळीला ब्रशने साबणाचं पाणी. वरचा दाब असेल तिथे फुगा येतो, ओढ असेल तिथे फेस आत जातो. तेल टाकायच्या तोंडाचं झाकण काढून त्यावर कागदाचा तुकडा ठेवायचा. गाडी उभी चालू असताना कागद हलकेच चिकटून बसला तर वाफेची वाट बरोबर आहे, उडाला तर चुकलीय. शेवटी ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालू करायची, पाय आपोआप खाली गेला पाहिजे. यात काही कमी नव्हतं. उलट काम पहिल्यापेक्षा चोख व्हायला लागलं. पण नळीचा तो हातभर तुकडा खिळ्याला लटकून राहिला, आणि हात कधी वर झाला नाही. गल्लीत दिवसभर आवाज असायचा. मला आधी कधी इतका जाणवला नव्हता.

अण्णांची गाडी आमच्याच शेडमध्ये उभी होती. अण्णा येत नव्हते. आम्ही त्यांना भेटून आलो होतो, मिस्त्रींनी हात जोडले होते, अण्णांनी डाव्या हाताने ते खाली केले होते. अण्णांचं मनगट वाकडं बसलं. त्यांना कोयता धरवत नाही, लिहिताना पेन निसटतं. मग कधीतरी त्यांचा निरोप आला की गाडी विकायची आहे, पण आधी दुरुस्त करायची, आणि ती मिस्त्रींनीच करायची. मिस्त्री त्या कामाला लागले ते जेवणखाण विसरून. डेंटरने तिचं तोंड सरळ केलं. ब्रेकची नळी मी हैदराबादहून मागवून घेतली. वाल मी फुंकले, मग मिस्त्रींनी फुंकले, मग मी पुन्हा फुंकले.

ज्या दिवशी काम संपलं त्या दिवशी अण्णा आले. वाकडं मनगट पोटाशी धरून बॉनेटपाशी उभे राहिले. मिस्त्रींनी त्यांच्यासमोर साबण लावला, कागद ठेवून दाखवला, ब्रेकवर अण्णांनाच पाय ठेवायला लावला. सगळं बरोबर होतं, आता राहिलं काहीच नव्हतं. मी साबणाचा डबा उचलला.

तेव्हा मिस्त्रींनी खिळ्यावरची नळी काढली. आणि उजवा हात वर केला.

अक्का ओरडली, “ए, हात!” तिचा आवाज चिरकला. पंक्चरवाल्याने मशीन बंद केलं. स्टोव्ह बारीक झाला. पत्र्याच्या भिंतीपलीकडे ग्राइंडर मात्र चालूच राहिला. मी धावत मागच्या बाजूने डेंटरकडे गेले. म्हटलं, “बंद कर की रे!” त्याने माझ्याकडे बघितलं, बोट खटक्यावरच होतं. “न्हाई, वैनी,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी बंद केलं, म्हणून तेनी साबण लावला न्हाई. मी ह्यो चालू ठेवला असता तर तेनाच वाटलं असतं की आज ऐकू येणार न्हाई, हातानं बघू. आता मी ह्यो बंद करणार न्हाई.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं. यातलं काहीच न करता मी परत आले.

मिस्त्री डोळे मिटून वाकले होते. नळी कानाला, यंत्र माझ्या गल्ल्यात. दुसरं टोक त्या नव्या नळीवर, मग वालावर, मग सुपरचार्जरच्या मागे, पहिल्यासारखं सावकाश, एकही जागा न सोडता. ग्राइंडर किंचाळत होता. अण्णा माझ्याकडे बघत होते. मी मान फिरवली.

ते सरळ झाले. हात खाली घेतला. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

“बघितलंस का?” ते अण्णांना म्हणाले. “गल्ली अजून गप्प होते. मान ठेवून हायत लोक.”

अण्णांनी वाकडा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि जरा मोठ्याने, त्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणाले, “व्हय मिस्त्री. एवढी गप्प की मला बी कायच ऐकू आलं न्हाई.”